घरी बांधलेली मोटार : हौस गॅरेजातली, जबाबदारी रस्त्यावरची

महापे : सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील कारागीर दत्तात्रय लोहार यांनी दुचाकीचे सुटे भाग वापरून, किक मारून सुरू होणारी छोटी जीप तयार केली. डिसेंबर २०२१मध्ये तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी लोहार यांच्या कल्पकतेचे जाहीर कौतुक केले. मात्र ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या तिला रस्त्यावर मज्जाव होईल, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२मध्ये ही अदलाबदल पार पडली.

या प्रसंगाचा शेवट गोड झाला. परंतु स्वतःच्या हातांनी मोटार बांधू पाहणाऱ्या प्रत्येकासमोर असा उद्योगपती उभा राहणार नाही. महापेसारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिक जवळचा आहे. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात लेथ, वेल्डिंग, फायबर आणि रबराची कामे करणारी छोटी युनिट्स आहेत. पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि फायबरची बॉडी तयार करून घेणे येथे अवघड नाही. अवघड आहे ते त्यानंतरचे : ती गाडी कायदेशीर ठेवणे, सुरक्षित ठेवणे आणि वर्षानुवर्षे चालती ठेवणे.

लोटसपासून अलिबागपर्यंत

सुट्या भागांचा संच घेऊन घरी मोटार जुळवण्याची प्रथा ब्रिटनमध्ये रुजली ती करामुळे. तयार मोटारीवर खरेदी कर होता, सुट्या भागांच्या संचावर तो नव्हता. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७मध्ये आणलेली ‘सेव्हन’ ही दोन आसनांची, उघडी, जेमतेम अर्ध्या टनाच्या आसपास वजनाची गाडी या प्रकारातील आदर्श ठरली. १९७३मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि संचाचा हा फायदा संपला. त्याच वर्षी ‘सेव्हन’चे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. मूळ आराखडा आजही जिवंत आहे आणि जगभर त्याच्या प्रतिकृती बनत आल्या आहेत.

अशी एक प्रतिकृती महापेहून फार दूर नसलेल्या रायगड जिल्ह्यातही घडली. अलिबागजवळच्या कार्ले खिंडीतील चिंकारा मोटर्सने २०००च्या दशकात ‘सेव्हन’च्या धर्तीवर रोडस्टर तयार केली. बॉडी फायबरची आणि इंजिन हिंदुस्थान मोटर्सच्या गाड्यांत वापरले जाणारे १.८ लिटरचे इसुझू. गोव्यातील सॅन मोटर्सनेही फायबर बॉडी आणि रेनॉचे इंजिन असलेली ‘स्टॉर्म’ बाजारात आणली होती. त्याही आधी, १९४९मध्ये, इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ या छोट्या मोटारीचा पहिला नमुना रस्त्यावर उतरवला होता. १९७०च्या दशकापर्यंत ते तिच्यात सुधारणा करत राहिले. पण उत्पादन काही सुरू होऊ शकले नाही.

कागदावरची गाडी कोणती?

ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला मान्यता देण्याची पद्धत आहे. आपल्याकडील व्यवस्था मुळात उत्पादकाला समोर ठेवून आखलेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६नुसार वाहनाच्या नमुन्याची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावी लागते. त्यात १ एप्रिल २०२०पासून नव्या वाहनांना बीएस-६ची अट आहे. कार्ब्युरेटरवर चालणारे जुने इंजिन ती पूर्ण करू शकत नाही.

मग अनेकांना सुचते ती पळवाट : भंगारात निघालेल्या गाडीचे इंजिन आणि आरसी बुक घ्यायचे, सांगाडा नवा बनवायचा आणि जुनाच नंबर लावायचा. हा मार्ग थेट गुन्ह्याकडे नेतो. चासी क्रमांक हा त्या विशिष्ट सांगाड्याचा असतो. सांगाडा मोडला की त्या गाडीची ओळख संपते आणि तिची नोंदणी रद्द करून घेणे बंधनकारक ठरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हीच बाब अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. अपघात घडल्यास विम्याचा दावाही वादात सापडू शकतो, कारण विमा उतरवलेला असतो तो कागदावरील गाडीचा.

जुलै २०२१मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी ‘व्हीए’ मालिकेची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. तिचा लाभ ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांनाच मिळतो. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. त्यामुळे गाडी दिसायला १९५७ची असली तरी काल बांधलेली प्रतिकृती या वर्गात बसत नाही.

थोडक्यात, अशी गाडी विकत घेताना रंग आणि आवाज यांआधी चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि आरसीवरील बॉडीचा प्रकार पडताळून पाहावा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी आणि नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरणास येते. कागद आणि गाडी यांतील तफावत तेव्हा हमखास उघडी पडते. वैध नोंदणी नसेल, तर गाडी खासगी आवारात किंवा बंदिस्त ट्रॅकवरच चालवावी आणि तेथवर ट्रकवरून न्यावी.

मालक हीच कंपनी

नोंदणी व्यवस्थित असलेल्या गाडीची देखभालही नेहमीच्या मोटारीपेक्षा वेगळी असते. तिला सर्व्हिस सेंटर नाही, मॅन्युअल नाही आणि सुट्या भागांची यादीही नाही. इंजिन एका गाडीचे, ब्रेक दुसरीचे, स्टिअरिंग तिसरीचे. म्हणून पहिले साधन म्हणजे वही. कोणता भाग कोणत्या गाडीचा व कोणत्या सालचा, बेअरिंग आणि ऑइल सीलवरील क्रमांक, चाकांच्या अलाइनमेंटची मापे, नटबोल्ट किती घट्ट करायचे याचे आकडे, हे सारे तिच्यात हवे. इसुझू इंजिन घेणारी कॉन्टेसा केव्हाच बंद झाली आणि अॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४मध्ये थांबले. सुटे भाग अजून मिळतात, पण नेमके काय मागायचे हे ठाऊक असेल तरच.

दुसरी बाब वजनाची. जड मोटारीचे ब्रेक आणि स्प्रिंग हलक्या सांगाड्यावर बसवले की हिशेब बिघडतो. स्प्रिंग कडक ठरतात, चाके खड्ड्यांवरून उडतात आणि जोराने ब्रेक लावताच मागची चाके आधी जाम होऊन गाडी फिरू शकते. पुढच्या व मागच्या ब्रेकमधील दाबाची विभागणी जाणकार मिस्त्रीकडून मोकळ्या जागी तपासून घेतल्याशिवाय अशी गाडी वाहतुकीत नेऊ नये.

नवी जुळणी पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये ‘बसते’. तेवढ्यात प्रत्येक महत्त्वाचा बोल्ट पुन्हा तपासावा लागतो. सस्पेन्शन सांगाड्याला जोडलेले असते तेथील वेल्डिंगवर केसासारखी भेग दिसते का, हे दर सर्व्हिसिंगला पाहावे. वरून पुन्हा वेल्डिंगचा थर देणे हा उपाय नव्हे. भेग का पडली ते शोधावे लागते.

खाडीची हवा, महामार्गाची कोंडी

फायबरची बॉडी गंजत नाही, या समजुतीने अनेक मालक निर्धास्त राहतात. गंजतो तो आतला सांगाडा. ठाणे खाडीलगतची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे पोलादी नळ्यांत ओल साचते आणि गंज आतून धरतो. पाणी निघून जाण्याची छिद्रे मोकळी ठेवणे आणि पावसाळ्याआधी नळ्यांत गंजरोधक फवारणे हे वार्षिक काम समजावे. ब्रेक ऑइलही हवेतील ओल शोषते आणि तापल्यावर त्यात वाफ होऊन पेडल खाली जाते. दमट हवेत ते वर्षा-दोन वर्षांनी बदललेलेच बरे.

फायबरमधून वीज वाहत नाही. साध्या मोटारीत दिव्यांचे अर्थिंग पत्र्यातून होते. येथे प्रत्येक दिव्याला स्वतंत्र अर्थिंगची तार लागते. दिवे मंद लागणे, हॉर्न मधूनच बंद पडणे या तक्रारींचे मूळ बहुधा याच तारांच्या गंजलेल्या टोकांत सापडते.

महापे-शिळफाटा रस्त्यावर अवजड वाहनांच्या कोंडीत अडकल्यावर खरी परीक्षा होते ती रेडिएटरची. अरुंद तोंडातून हवा वेगात असतानाच मिळते. थांबलेल्या गाडीसाठी तापमानावर आपोआप सुरू होणारा विजेचा पंखा आणि चालू स्थितीतील तापमानदर्शक काटा आवश्यक आहे. इंजिन तापल्यास गाडी बाजूला घ्यावी; उकळत्या रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये.

पेट्रोल बदलले, इंजिन तेच

आज पंपांवर सर्रास मिळते ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. जुन्या इंजिनांच्या रबरी नळ्या, कॉर्कची गॅस्केट आणि कार्ब्युरेटरचे काही भाग इथेनॉलचा विचार करून बनवलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, गळू लागतात. गळणारे पेट्रोल आणि तापलेला एक्झॉस्ट जवळ असलेल्या गाडीत ही बाब किरकोळ नाही. इथेनॉलला सोसतील अशा नळ्या बसवणे हा पहिला खर्च.

दुसरा मुद्दा मिश्रणाचा. पूर्ण ज्वलनासाठी एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलो. जुन्या मापाचे जेट तसेच ठेवले तर नव्या इंधनावर मिश्रण पातळ होते आणि इंजिन अधिक तापू शकते. त्यासाठी जेट बदलून पीयूसी चाचणीसह कार्ब्युरेटर पुन्हा जुळवून घ्यावा. शिवाय गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल, तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये.

विकताना वहीही द्या

अशा गाडीची निम्मी किंमत तिच्या वहीत असते. ती नसेल, तर पुढच्या मालकाला चार गाड्यांचे एकत्र जुळवलेले कोडे मिळते आणि बिघाड झाला की ती गॅरेजच्या कोपऱ्यात कायमची उभी राहते. वही असेल, तर महापेतील कोणताही चांगला फिटर काम करू शकतो. ज्यांना बांधायला सुरुवात करायची आहे, त्यांनी पहिली नळी कापण्यापूर्वी नवी मुंबईच्या परिवहन कार्यालयात जाऊन चौकशी करावी. त्या चौकशीला एक दिवस लागतो; नंतर कळले, तर काही वर्षांची मेहनत आणि साठवलेला पैसा फाटकाच्या आतच अडकून पडतो.