जुन्या चेतकचा कार्बुरेटर

पिंपरी-चिंचवडच्या श्रोत्यांना चेतक स्कूटर म्हणजे काय हे सांगावयास नको. बजाजची ही गाडी १९७२ साली आली. इटलीच्या पिआजिओ कंपनीच्या परवान्याने इथे बनणारी व्हेस्पा ही तिची थोरली बहीण. एके काळी नंबर लावून कित्येक वर्षे वाट पाहावी, तेव्हा कोठे ती दारात उभी राही. ती जुनी चेतक बंद होऊन आता वीसेक वर्षे झाली. २०२० साली त्याच नावाने जी विजेवरची गाडी निघाली, तिला कार्बुरेटर नाहीच. तथापि पहिल्या पाळीच्या वेळी भोसरी-मोशीच्या रस्त्याला उभे राहा. एखादी जुनी चेतक निळा धूर सोडीत चाकणकडे जाताना अजून दिसते.

ह्या गाड्यांच्या मालकांकडून एकच वाक्य ऐकू येते : "कार्बेटर गेला, नवा टाकतो." माझे म्हणणे असे, की कार्बुरेटर सहसा जात नाही. तो तुंबलेला असतो, नाहीतर आडवाटेने हवा आत शिरत असते. आणि अलीकडे तिसरे कारण असे, की पेट्रोलच बदलले आहे. ही कारणे ओळखता आली नाहीत तर नुसते पैसे जातात असे नव्हे. धावत्या गाडीचे मागचे चाक जागच्या जागी जाम होते, आणि हमरस्त्यावर मागून कंटेनर येत असतो.

आता यंत्राकडे वळू. हमरस्त्याच्या कडेला उभे असताना भरधाव ट्रक जवळून गेला, की आपण त्याच्याकडे ओढल्यासारखे होतो. हवेचा वेग वाढला की तिथला दाब उतरतो. अरुंद नळीतून जाणाऱ्या प्रवाहाचा हा गुण इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी ह्यांनी १७९७ साली मांडला. कार्बुरेटरचा गळा मुद्दाम अरुंद केलेला असतो. इंजिन हवा ओढते, गळ्यात तिचा वेग वाढतो, दाब उतरतो, आणि खालच्या वाटीतले पेट्रोल पितळी जेटच्या भोकातून वर ओढले जाऊन त्याचा फवारा होतो. वाटीतली पातळी सारखी राखण्याचे काम तरंगता फ्लोट करतो. संडासच्या टाकीतला गोळा करतो तेच.

एक भाग पेट्रोल पुरते जळण्यास वजनाने १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण राखणारा कारकून म्हणजे ते पितळी भोक. जेटवर १०० आकडा असेल तर भोक एक मिलिमीटरचे समजावे. आमच्या घराघरांत रॉकेलच्या स्टोव्हची पिन असे, आणि तीच पिन जेटमध्ये घालण्याची खोड पुष्कळांना आहे. पितळ मऊ असते. पिन फिरवून भोक एक मिलिमीटरचे १.०५ झाले तर डोळ्यांना काही दिसत नाही, पण भोकाचे क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढते. सुतात माप सांगणाऱ्या आम्हां कामगारांना हे क्षुल्लक वाटेल. इंजिनाला वाटत नाही. जेट फवाऱ्याच्या क्लीनरने आणि हवेच्या दाबानेच साफ करावा.

जेट तुंबला तर काय होते? चारचाकी मोटारीत पिकअप जाईल, मिसिंग होईल, एवढेच. चेतकचे १४५ सीसीचे इंजिन मात्र टू-स्ट्रोक आहे. त्याचे वंगणाचे तेल आपण पेट्रोलमध्येच मिसळतो. म्हणजे जेटमधून पेट्रोल कमी आले की तेलही कमी येते. मिश्रण पातळ झाल्याने पिस्टन तापतो, आणि नेमके त्याच वेळी त्याचे वंगण तुटते. मग पिस्टन फुगून सिलिंडरला धरतो. लांबच्या रस्त्यावर पुरा थ्रॉटल असताना इंजिन एकाएकी आवळल्यासारखे वाटले, तर क्षणाचा विचार न करता डाव्या हाताचा क्लच दाबावा. ही एक गोष्ट घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला शिकवून ठेवा.

आता तिसरे कारण. २०२५ पासून देशभर पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. उसाच्या शेतकऱ्याला दोन पैसे मिळत असतील तर मी त्याच्या आड येणार नाही. परंतु पगारवाढीच्या बोलण्यांत टक्के तपासून घेण्याची मला सवय आहे, तेव्हा इथलेही तपासू. इथेनॉलच्या एका भागाला नऊच भाग हवा पुरते. मिश्रणाचे गणित साधारण साडेतेरावर येते. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे आठ टक्के इंधन जास्त पाहिजे. २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांना इंजेक्शन असते. धुरातला प्राणवायू मोजून त्या इंधन वाढवून घेतात. जुन्या चेतकचे भोक मात्र तेवढेच राहते आणि मिश्रण पातळ होते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते, आणि जुने रबर त्यात फुगते किंवा चिरते. फ्लोटच्या सुईचे टोक, पेट्रोलची नळी आणि वॉशर ह्यांचा पहिला बळी जातो.

म्हणून दुरुस्ती अशी करावी. उघड्या जागी, जवळपास विडी-काडी नसताना, तोटी बंद करून कार्बुरेटर उतरवावा. रबराचे सगळे भाग इथेनॉलला टिकणारे असे नवे घालावेत. पेट्रोल आत येते तिथली बारीक जाळी पाहावी; टाकीतला गंज तिथे साठतो. हा कार्बुरेटर दोन लांब बोल्टांनी बसतो. ते जोर लावून आवळण्यात पुष्कळांना पुरुषार्थ वाटतो, आणि त्यामुळे मऊ धातूची बैठक वाकते व फटीतून हवा शिरते. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून बैठक घासून सपाट करावी, गॅसकेट नवे घालावे, बोल्ट बेताने आवळावेत. एवढे करूनही थ्रॉटल सोडल्यावर इंजिन चढेच राहत असेल, तर क्रँकचे ऑइल सील पाहावे. तिथे दोष असेल तर कार्बुरेटर कितीही बदला, उपयोग नाही.

मिश्रणाचा स्क्रू हलकेच आत टेकवून दीड फेरा बाहेर काढावा आणि तिथून जमवावे. त्याचा संबंध मुख्यतः स्लोशी असतो. वेगातला दोष त्याने जात नाही. त्यासाठी मुख्य जेट एक-दोन आकडे मोठा घालावा लागतो. आठ टक्के क्षेत्रफळ म्हणजे व्यासात चारच शतांश मिलिमीटर, हे ध्यानात असू द्या.

कोणी म्हणेल, त्यापेक्षा मोठ्या गळ्याचा कार्बुरेटरच बसवू. गळा रुंद झाला की हवेचा वेग उतरतो, आणि कमी फेऱ्यांवर पेट्रोल नीट ओढलेच जात नाही. शर्यतीच्या इंजिनाला तो शोभतो. चाकणच्या गर्दीत मालक किक मारमारून घामाघूम होतो. रोज सकाळी स्कूटर आडवी करून चालू करण्याचा आपल्याकडचा विधी आहे, त्याचेही तसेच. आडवी केल्याने वाटी ओसंडून मिश्रण घट्ट होते, म्हणून गाडी सुरू होते. पण रोज ते करावे लागत असेल तर स्लोचा जेट किंवा चोक दाद मागतो आहे असे समजावे.

काम झाल्यावर दोन-तीन मैल चांगल्या वेगाने चालवावी, वेगातच क्लच दाबून इंजिन बंद करावे, कडेला घ्यावी, आणि थोडी निवल्यावर प्लग काढून पाहावा. टोक भाजल्या कॉफीच्या रंगाचे असेल तर जेट बरोबर. काळे आणि ओले असेल तर एक आकडा खाली. पांढरे पडले असेल तर ती गाडी तशीच रात्रपाळीला नेऊ नका. आधी जेट मोठा घाला.