शाळेतील स्वयंपाकाची भांडी व त्यांची घरगुती साधनांनी स्वच्छता

प्राथमिक शाळांतील मुलांच्या आहारासाठी केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी योजना सुरू केली. पुढे २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलांना शिजवलेले अन्न द्यावे असा आदेश दिला. २०२१ पासून ही योजना प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना या नावाने ओळखली जाते. त्यामुळे फळा व खडू यांच्याबरोबरच चूल, भगुने व परात हीदेखील शाळेची साधने झाली आहेत. धान्य निवडलेले आहे, डाळ धुतलेली आहे, पण भगुने नीट घासलेले नाही, तर पुढचे सारे श्रम व्यर्थ होत. यास्तव या विषयाकडे शिक्षकबंधुभगिनींनी डोळसपणे पाहिले पाहिजे.

चिंच, लिंबू, मीठ, राख व रिठे ही साधने आपल्या परभणी जिल्ह्यातील कोणत्याही गावात सहज मिळतात. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया ती पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आल्या आहेत. तथापि कोणत्या धातूला कोणते साधन मानवते, हे कारणासह जाणून घेतले नाही तर लाभाऐवजी हानी होते.

प्रथम एक तत्त्व ध्यानात घ्यावे. भांड्यावरील मळ मुख्यतः दोन प्रकारचा असतो. एक तेलातुपाचा चिकट ओशटपणा व दुसरा धातूवर किंवा पाण्यामुळे चढलेला डाग. ओशटपणा राख, सोडा अथवा साबण यांनी जातो, कारण हे पदार्थ अल्कधर्मी आहेत. धातूवरील डाग व पाण्याचे क्षार चिंच अथवा लिंबू यांनी जातात, कारण ती आम्लधर्मी आहेत.

लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ओल्या राखेने ओशट भांडे घासले असता तेलाचा काही अंश साबणासारखा होऊन पाण्याबरोबर निघून जातो. शिवाय राखेचे बारीक कण खरकटे खरवडून काढतात. राख वस्त्रगाळ करून झाकणाच्या डब्यात ठेवावी. प्लास्टिक, रंगविलेले लाकूड किंवा केरकचरा जाळून झालेली राख मात्र कदापि वापरू नये. राखेऐवजी अंगणातील माती घेण्याची सवयही सोडावी. जनावरांच्या व माणसांच्या विष्ठेतून आलेले रोगजंतू व जंतांची अंडी तीत असू शकतात.

तांब्या-पितळेच्या भांड्यांवर हवेने काळपट थर चढतो व ओलाव्याने हिरवे जंगाल धरते. चिंचेतील टार्टारिक आम्ल व लिंबातील सायट्रिक आम्ल हा थर विरघळवितात. त्यात मीठ मिसळले असता काम अधिक लवकर होते. घासून झाल्यावर भांडे लगेच धुऊन कोरडे करावे, नाहीतर डाग पुन्हा चढतो. जे आम्ल डाग विरघळविते तेच धातूही विरघळविते, हे येथे विसरू नये. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ठेवलेले ताक किंवा आमटी कळकते, याचे कारण हेच होय. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ लेप. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. तापविलेल्या भांड्याचा पृष्ठभाग नवसागराने स्वच्छ करून त्यावर ते कापसाने पसरवितात. आतून तांबूस वा पिवळी झाक दिसू लागली की ते भांडे कल्हई होईपर्यंत स्वयंपाकास घेऊ नये. कथील शुद्ध असावे. त्यात शिशाची भेसळ मुळीच नसावी.

अनेक शाळांत मोठी भगुनी ॲल्युमिनियमची असतात. या धातूवर त्याच्याच ऑक्साइडचा संरक्षक थर असतो. धुण्याच्या सोड्याने हा थर जातो व धातू खाल्ला जाऊन भांडे निस्तेज व खरबरीत होते. म्हणून ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावू नये. आतून काळे पडलेल्या भगुन्यात पाणी व थोडी चिंच घालून काही वेळ उकळावे, काळेपणा जातो. तळाला खिचडी करपली असल्यास तारेच्या घासणीने खरवडण्याची घाई करू नये. कोमट पाणी घालून तासभर भिजू द्यावे व नंतर काथ्याने घासावे. तारेच्या घासणीचे तुकडे तुटून अन्नात जाण्याचा धोका असतो. ॲल्युमिनियमच्या भांड्यात आंबट पदार्थ साठवून ठेवणेही योग्य नव्हे.

लोखंडी तवा व कढई यांचे शत्रू म्हणजे ओलावा व आम्ल. ती राखेने घासून, चुलीवर क्षणभर तापवून पूर्ण वाळवावीत व तेलाचे बोट फिरवून ठेवावीत. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांना राख, साबण किंवा सोडा चालतो. परंतु त्यांत मिठाचे पाणी फार काळ ठेवल्यास बारीक छिद्रे पडू शकतात.

आपल्या भागातील अनेक विंधनविहिरींचे पाणी जड असते. काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपताना त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. त्यामुळे नळाच्या तोटीवर व पाणी तापविण्याच्या भांड्यात पांढरी पुटे बसतात. लिंबाच्या रसात भिजविलेले फडके तोटीला अर्धा तास गुंडाळून ठेवावे. पुटे फसफसून सैल होतात. तो फसफसाट कार्बन डायऑक्साइड वायूचा असतो. नंतर तोटी स्वच्छ धुवावी. जड पाण्यात साबणाला फेस कमी येतो. तेथे रिठ्याचे पाणी उपयोगी पडते.

शेवटचे धुणे सर्वांत महत्त्वाचे आहे. ते पिण्यायोग्य पाण्यानेच करावे व भांडी पुसण्यापेक्षा पालथी घालून उन्हात वाळवावीत. मळके फडके स्वच्छ भांडेही घाण करते. राख वा सोडा पुरता निघाला की नाही, हे हळदीने पाहता येते. कागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवाव्यात. एक पट्टी राखेच्या पाण्यात, दुसरी शेवटच्या धुण्याच्या पाण्यात व तिसरी ताज्या पाण्यात बुडवावी. पहिली तांबडी होईल. दुसरीवर तिसरीपेक्षा अधिक तांबूस छटा आल्यास भांडे पुन्हा धुवावे.

दोन धोके मात्र प्रत्येक शिक्षकाने स्वयंपाक करणाऱ्या भगिनींना व मदतनिसांना आवर्जून सांगितले पाहिजेत. पहिला असा की, पाणी शुद्ध करण्याची ब्लीचिंग पावडर लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर यांच्याबरोबर कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

दुसरा धोका याहून भयंकर आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात गंडामन येथील शाळेत दुपारचे अन्न खाऊन २३ मुले मृत्युमुखी पडली. तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. आपला जिल्हा कापूस व सोयाबीन पिकविणारा असून औषधफवारणीचे रिकामे डबे घरोघरी दिसतात. ते दिसायला मजबूत असतात व फेकवत नाहीत. पण चिंच, राख, साबण, ऊन यांपैकी कशानेही असा डबा अन्नासाठी सुरक्षित होत नाही. तो शाळेत तेलासाठी, पाण्यासाठी, किंबहुना राख ठेवण्यासाठीही येता कामा नये. कोठीतील प्रत्येक डबा पूर्वी कशाचा होता, हे मुख्याध्यापकांनी स्वतः विचारून घ्यावे.

शाळेची मोठी भांडी घासण्याचे काम मुलांवर टाकू नये. परंतु त्यामागील शास्त्र त्यांना अवश्य शिकवावे. काळवंडलेल्या तांब्याच्या तुकड्याचे तीन भाग कल्पून एकास पाणी, दुसऱ्यास चिंच व तिसऱ्यास चिंच-मीठ लावण्यास सांगावे आणि कोणता भाग आधी उजळतो ते वहीत लिहून घ्यावे. हा पाठ मुलगे व मुली दोघांनीही हातांनी करावा. भांडी घासणे हे केवळ मुलींचे काम, ही समजूत शाळेने वाढवू नये. घरी गेल्यावर हीच मुले आईला डब्याबद्दल विचारतील, कल्हई पाहतील, राख चाळून ठेवतील. शाळेत शिकलेले घराच्या मोरीपर्यंत पोहोचले, तर तो पाठ खऱ्या अर्थाने पूर्ण झाला असे समजावे.