ऐकणाऱ्याचाही जीव शिणतो

अतिदक्षता विभाग म्हटला की डॉक्टर, परिचारिका आणि यंत्रे डोळ्यांपुढे येतात. मोठ्या रुग्णालयांत तेथे मानसशास्त्राचे विद्यार्थीही काम शिकत असतात. काही वर्षे मी अशा विद्यार्थ्यांच्या कामावर देखरेख करते आहे. "तुम्ही तिथे नेमकं करता तरी काय?" असे त्यांना घरचेसुद्धा विचारतात.

घशात नळी असलेल्या रुग्णाला बोलता येत नाही. अक्षरांच्या तक्त्यावर बोट ठेवायला लावून त्याचे म्हणणे समजून घ्यायचे. आजार, औषधे आणि मोडलेली झोप यांमुळे पुष्कळांना भ्रम होतो. परिचारिका विष देते आहे असे वाटू लागते. नातेवाईक बाहेरची बाधा समजतात. त्यांना समजवायचे, धीर द्यायचा.

आपल्या शेतीच्या भागात कीटकनाशक प्यायलेले रुग्ण येतात, ते सर्वांत जड जातात. काही कीटकनाशकांचा गुण असा की रुग्ण सावरल्यासारखा वाटतो, बोलू लागतो आणि एक ते चार दिवसांत त्याचे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. (म्हणूनच "आता बरा आहे" म्हणत घरी नेण्याची घाई करू नये.)

माझ्या एका विद्यार्थिनीशी असाच एक तरुण दुसऱ्या दिवशी तासभर बोलला. "मॅडम, मला जगायचंय," म्हणाला. तिसऱ्या दिवशी तो कृत्रिम श्वासावर गेला, सहाव्या दिवशी वारला. त्यानंतर तिचे जेवण सुटले. आईचा फोन आला तरी ती उचलेना. मला म्हणाली, "डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, सिस्टरनी नळ्या साफ केल्या. मी नुसतं ऐकलं."

या कामाचा खरा भार तो हाच. हाताला काही काम नसते आणि ऐकलेले परत करता येत नाही. चार्ल्स फिग्ली या अमेरिकन अभ्यासकाने १९९५ मध्ये दुसऱ्यांचे दुःख वाहणाऱ्यांच्या अशा थकव्यावर पुस्तकच काढले. झोप उडणे, चिडचिड, रुग्णाजवळ जाणे टाळणे, किंवा काहीच न वाटणे ही त्याची लक्षणे.

"मन घट्ट कर" हा सल्ला मला मुळीच पटत नाही. घट्ट मनाला रुग्णाचे ऐकू येत नाही. आमच्याकडे आठवड्यातून एक तास विद्यार्थ्याने स्वतःविषयी बोलायचे, रुग्णाच्या कागदांविषयी नाही. मृत्यूनंतर त्या दिवशी नवा रुग्ण द्यायचा नाही. ज्या ठिकाणी हा तास "वेळ नाही" म्हणून रद्द होतो, तेथे मुले अभ्यासक्रम अर्धवट सोडताना मी पाहिली आहेत.

ती विद्यार्थिनी महिनाभराने सावरली. त्या तासाला ती पहिले तीन आठवडे केवळ रडली. चौथ्या आठवड्यात त्या तरुणाने सांगितलेल्या त्याच्या बैलजोडीविषयी बोलली.

आपल्या घरात असे शिकणारे कोणी असेल, तर सुट्टीत आल्यावर "आज किती गेले?" असे विचारू नका. जेवायला वाढा, शेजारी बसा. आणि मन फार जड झालेल्या कोणालाही, मग तो रुग्ण असो वा शिकाऊ मानसशास्त्रज्ञ, १४४१६ या 'टेली मानस'च्या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतूनही.