तालुक्याच्या गावातले पुस्तकांचे दुकान

साखरेचे एक पोते संपले की वाणी दुसरे फोडतो, गिऱ्हाइकाला फरक पडत नाही. पुस्तकाचे तसे नसते. 'ग्रामगीता' मागायला आलेल्या माणसाचे तितक्याच पानांच्या दुसऱ्या पुस्तकाने भागत नाही. म्हणून पुस्तकविक्रेत्याला हजारो निरनिराळ्या वस्तू, प्रत्येकीच्या एक-दोनच प्रती, फळीवर मांडून बसावे लागते. त्यातली कोणती उद्या खपेल आणि कोणती तीन वर्षे तशीच राहील, हे त्याला अंदाजानेच ठरवावे लागते. स्वतंत्र पुस्तक-दुकान म्हणजे हा अंदाज मालक स्वतः बांधतो असे दुकान. ते मोठ्या साखळीची शाखा नसते आणि एखाद्या प्रकाशकाचे विक्री केंद्रही नसते. फळीवर काय असावे हे ठरवणारा माणूस तिथे गल्ल्यावरच भेटतो.

या धंद्याचे गणित सोपे आणि कठोर आहे. समजा, पुस्तकाची छापील किंमत ३०० रुपये आहे आणि विक्रेत्याला तीस टक्के कमिशन मिळते. म्हणजे एका प्रतीमागे ९० रुपये. भाडे, वीज, मदतनिसाचा पगार आणि पार्सलचा खर्च मिळून महिन्याला १८,००० रुपये लागत असतील, तर २०० प्रती विकल्यावर फक्त खर्च निघतो. आता गिऱ्हाईक दहा टक्के सवलत मागते. ती दिली की हाती ६० रुपये उरतात आणि तोच खर्च भागवायला ३०० प्रती विकाव्या लागतात. दहा टक्क्यांची सवलत ऐकायला किरकोळ वाटते, पण तिच्यासाठी दुकानाला दीडपट विक्री करावी लागते. याउलट प्रकाशकाने चाळीस टक्के कमिशन दिले आणि सवलत नसली, तर १५० प्रतींवरच भागते. लहान दुकाने का टिकतात आणि का मिटतात, याचे बरेचसे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

त्यात गुंतलेल्या भांडवलाचा भार वेगळा. दोन हजार पुस्तकांचा साठा याच किमतीने धरला तर खरेदीतच सव्वाचार लाखांच्या आसपास रक्कम अडकते. प्रकाशक किंवा वितरक परतीच्या बोलीवर माल देतो तिथे ओझे थोडे हलके होते. रोखीच्या खरेदीत मात्र न खपलेली प्रत दुकानदाराच्याच अंगावर पडते.

महाराष्ट्रात ज्यांनी हा धंदा नावारूपाला आणला, त्यांनी भांडवलापेक्षा निवडीच्या आणि गप्पांच्या जोरावर तो उभा केला. गणेश रामराव भटकळ यांनी १९२४ साली मुंबईत पॉप्युलर बुक डेपो सुरू केला आणि पुढे त्यातूनच पॉप्युलर प्रकाशन उभे राहिले. केशवराव कोठावळे यांनी १९४२ साली गिरगावात मॅजेस्टिक सिनेमाजवळ बुक स्टॉल थाटला. काउंटरवर उभे राहून वाचक काय मागतो हे ऐकत ऐकत ते प्रकाशक झाले. १९६४ साली त्यांनी 'ललित' मासिक काढले, तेही नवी पुस्तके वाचकाला कळावीत म्हणून. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमाच्या आवारात इंग्रजी पुस्तकांचा स्टॉल मांडला. पुढे फोर्टमधल्या त्यांच्या दुकानात वाचकांच्या पिढ्या घडल्या, शानभागांना पद्मश्री मिळाली, आणि तरीही स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ साली बंद झाला. इतका लौकिक असलेल्या दुकानाचा शेवट अनेक मुंबईकरांना घरातले माणूस गेल्यासारखा लागला, आणि ते साहजिकच होते.

ही सगळी मोठ्या शहराची उदाहरणे झाली; आता एक लहान गाव पाहू. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यातले राजूर हे कोळशाच्या खाणीचे आणि चुन्याच्या भट्ट्यांचे गाव. तालुक्याचे ठिकाण वणी जवळ आहे, जिल्ह्याचे ठिकाण मात्र लांब. खाणीच्या गावात निरनिराळ्या प्रांतांतून आलेली माणसे राहतात, त्यामुळे कानावर मराठीइतकीच हिंदीही पडते. अशा ठिकाणी निव्वळ कथा-कादंबऱ्यांवर महिन्याला दोनशे प्रतींची विक्री होणे अवघड आहे. पण एवढ्यावरून इथल्या माणसांना पुस्तक नको आहे, असा निष्कर्ष काढणे मोठी चूक ठरेल.

तालुक्याच्या गावात जिथे 'बुक डेपो' अशी पाटी असते, तिथला मुख्य धंदा शाळेचा असतो. जून-जुलैत वह्या, कंपास, दप्तरे, कव्हरचा कागद आणि गाईडे. एरवी पेन आणि झेरॉक्स. शासकीय आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तके मोफत मिळू लागली, तेव्हापासून पाठ्यपुस्तकांची विक्री नववीच्या पुढेच उरली. ती जागा स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांनी भरून काढली. पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा यांची तयारी करणारी मुले हे आज लहान गावातल्या विक्रेत्याचे सर्वांत खात्रीचे गिऱ्हाईक आहे. वर्षअखेरीस पंचांगे आणि कॅलेंडरे येतात, दिवाळीत थोडे दिवाळी अंक. या उत्पन्नाला कमी लेखण्याचे कारण नाही. कादंबरीची एक फळी याच वह्या-गाईडांच्या जिवावर उभी राहते.

शाळेबाहेरचे पुस्तक विदर्भातल्या घरांत वेगळ्याच वाटांनी आलेले आहे. तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' १९५५ साली प्रसिद्ध झाली. तिचे एकेचाळीस अध्याय अनेक गावांत सामुदायिकपणे वाचले जातात. विनोबांची 'गीताई' १९३२ साली प्रथम छापली गेली आणि अल्प किमतीमुळे गरिबाच्या घरीही पोहोचली. विनोबांच्या आश्रमाचे पवनार आणि तुकडोजी महाराजांच्या आश्रमाचे मोझरी ही दोन्ही ठिकाणे विदर्भातलीच, त्यामुळे या पुस्तकांना दुकानाची फारशी गरज पडली नाही; आश्रमाला गेलेला माणूस प्रत घेऊनच परततो.

सर्वांत मोठी वाट नागपूरची. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे धम्मदीक्षा घेतली, आणि दरवर्षी विजयादशमीला दीक्षाभूमीवर लोटणारा जनसमुदाय पुस्तके विकत घेतो. परिसरात पुस्तकांच्या स्टॉलच्या रांगा लागतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड, बुद्धचरित्रे, संविधानाच्या प्रती, दलित आत्मकथने आणि वीस-तीस रुपयांच्या पुस्तिका तिथे हातोहात जातात. मजुरी करणारे कुटुंब येण्याजाण्याच्या खर्चातून वाचवून दोन पुस्तके पिशवीत घालते. ज्या नेत्याने राजगृह हे घर बांधताना आपल्या ग्रंथसंग्रहाचा विचार केला, त्याच्या अनुयायांनी पुस्तकाला असे स्थान द्यावे, यात नवल नाही. ग्रामीण माणूस वाचत नाही म्हणणाऱ्याने एकदा तरी हा बाजार पाहावा.

साहित्याच्या मोठ्या मांडवाशीही या जिल्ह्याचा संबंध आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला दोनदा भरले: १९७३ साली ग. दि. माडगूळकरांच्या आणि जानेवारी २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली. दुसऱ्या संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या त्या पत्नी, आणि त्यांचे गावही राजूरच, मात्र कळंब तालुक्यातले. संमेलनाचे ग्रंथप्रदर्शन तीन दिवसांत आवरले जाते. पण त्या तीन दिवसांत पुस्तके हाताळायला उसळणारी गर्दी पाहिली की कळते, लोकांना पुस्तक चाळायला मिळत नाही, हीच खरी अडचण आहे. वणीच्या लोकमान्य टिळक महाविद्यालयाचे प्राचार्यपद नामवंत वक्ते राम शेवाळकर यांनी भूषवले. असा वक्ता ज्या गावात वावरतो तिथे वाचकही तयार होतात. त्यांना पुढे पुस्तक पुरवायला मात्र कोणीतरी लागते.

हे पुरवण्याचे काम आता मोबाइलवरून होते, असे म्हटले जाते. ते अर्धे खरे आहे. नाव ठाऊक असलेले पुस्तक घरपोच येते, तेही पुष्कळदा सवलतीत. नाव ठाऊक नसलेले पुस्तक मात्र समोर यावे लागते, आणि तिथे दुकानाला पर्याय नाही. अडचण अशी की वाचक दुकानात पुस्तक चाळतो आणि सवलतीसाठी ते दुसरीकडून मागवतो. फ्रान्सने १९८१ साली कायदाच केला: प्रकाशकाने ठरवलेल्या किमतीवर नव्या पुस्तकाला पाच टक्क्यांहून जास्त सवलत देता येत नाही. तिथल्या छोट्या दुकानांना त्याचा आधार मिळाला. भारतात असा कायदा नाही. मराठी प्रकाशकांनी आपसात एवढे जरी ठरवले, की नव्या पुस्तकावर पहिले सहा महिने लहान विक्रेत्यापेक्षा स्वस्त दर कोणालाच द्यायचा नाही, तरी फरक पडेल. बनावट छपाईच्या प्रती आणि फुकट फिरणाऱ्या पीडीएफ यांनी होणारे नुकसान तर लेखकापासून विक्रेत्यापर्यंत सर्वांचेच आहे.

लहान गावासाठी टपाल फार महत्त्वाचे. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने पुस्तकांसाठीची सवलतीची रजिस्टर्ड बुक पोस्ट सेवा बंद केली, तेव्हा शंभर रुपयांच्या पुस्तकावर तीस-चाळीस रुपयेच मिळवणारे विक्रेते हवालदिल झाले. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आली. तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोंसाठी १०० रुपये असे तिचे दर ठरले. म्हणजे एकेक पुस्तक मागवण्यापेक्षा पाच किलोंचे पार्सल एकदम मागवणे केव्हाही परवडते. त्यासाठी गावात मागण्या गोळा करणारा कोणी हवा, आणि तो असला की दुकानाची निम्मी उभारणी झालीच.

राजूरसारख्या ठिकाणी स्वतंत्र गाळा घेण्याऐवजी चालू स्टेशनरीच्या दुकानात एक कपाट पुस्तकांना देणे हा शहाणपणाचा आरंभ आहे. सरासरी २०० रुपयांची शंभर पुस्तके तीस टक्के कमिशनने घेतली, तर १४,००० रुपये लागतात. त्यात चाळीस पुस्तके मुलांची असावीत, कारण मुलाच्या हट्टापुढे आईबाप पैसे काढतात. काही हिंदी असावीत, काही आंबेडकरी साहित्याची, काही शेतीची, आणि दहा तरी अशी की जी मालकाने स्वतः वाचली आहेत. दर तीन महिन्यांनी न खपलेल्या प्रती बदलून घ्याव्यात. शेजारी एक वही असावी आणि गिऱ्हाइकाने मागितलेले पण नसलेले प्रत्येक नाव तिच्यात उतरवावे. पुढच्या पार्सलची यादी तीच.

कपाटाला काचेची दारे हवीत, कारण कोळशाची आणि चुन्याची धूळ कागदाच्या कडेला बसली की निघत नाही. भिंतीपासून ते वीतभर पुढे ठेवावे, म्हणजे वाळवी आणि पावसाळ्यातली ओल दूर राहते. विदर्भाच्या मे महिन्यात गोंदाने चिकटवलेल्या बांधणीचा गोंद वाळून पाने सुटू लागतात, म्हणून पश्चिमेच्या उन्हात कपाट येऊ देऊ नये, आणि नेहमी हाताळली जाणारी पुस्तके शिवण-बांधणीची मिळत असतील तर तीच मागवावीत.