सरासरी तापमानावर विसंबू नका!

सोनई (ता. नेवासा) म्हटले की मुळा सहकारी साखर कारखाना आठवतो. साखर कारखान्यात काम केलेल्या प्रत्येकाला बगॅसच्या ढिगाचा गुण ठाऊक असतो. ढीग वरून थंड, पण आत हात घातला तर चटका! आतल्या उष्णतेला वाट मिळाली नाही तर ढीग आपोआप पेटही घेतो. रासायनिक कारखान्यांतील रिअ‍ॅक्टरमध्येही असेच घडते. तेथे याला 'हॉट स्पॉट' म्हणतात.

मळीपासून निघणारे अल्कोहोल केवळ दारूसाठी असते, हा समज चुकीचा आहे. याच जिल्ह्यात साकरवाडी (ता. कोपरगाव) येथे गोदावरी बायोरिफायनरीज अल्कोहोलपासून इथाइल ॲसिटेट व इतर रसायने तयार करते. शाई, रंग व औषधांच्या धंद्यात इथाइल ॲसिटेटला मागणी आहे.

अशा उद्योगातील ॲसिटाल्डिहाइडचे उदाहरण घेऊ. एका पद्धतीत अल्कोहोलची वाफ व हवा साधारण ५०० अंश सेल्सिअसला चांदीच्या उत्प्रेरकावरून (कॅटॅलिस्ट) नेतात. या क्रियेत उष्णता निघते. ती एखाद्या जागी साठली की तेथील क्रिया अधिक वेगाने होते व आणखी उष्णता निघते. मग अल्कोहोल ॲसिटाल्डिहाइड न बनता पूर्ण जळू लागते. त्या जळण्यात सातपटीहून अधिक उष्णता बाहेर पडते! चांदी ९६१ अंशांना वितळते, परंतु त्याच्या बरेच आधी तिचे कण एकमेकांना चिकटून उत्प्रेरक निकामी होऊ लागतो. माल घटतो, खर्च वाढतो आणि वेळीच आवर घातला नाही तर कामगारांच्या जिवावर बेतते.

उत्प्रेरकाने भरलेल्या लांब नळ्यांच्या रिअ‍ॅक्टरमध्ये हा ठिपका बहुधा तोंडाजवळ पडतो, कारण तेथे कच्चा माल सर्वांत दाट असतो. तेथील उत्प्रेरक थकला की ठिपका हळूहळू पुढे सरकतो. म्हणूनच शेवटच्या टोकाचा एकच आकडा किंवा सरासरी तापमान पाहून निर्धास्त राहणे धोक्याचे. नळीत निरनिराळ्या अंतरांवर थर्मोकपल बसवावे लागतात. तोंडाजवळच्या उत्प्रेरकात निष्क्रिय गोळ्या मिसळणे व बाहेरून थंडावा देणारा प्रवाह नीट ठेवणे, हे उपायही आहेत.

आमच्या तरुणांनी येथे लक्ष द्यावे. आयटीआयचे इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक किंवा अटेंडंट ऑपरेटर (केमिकल प्लांट) हे कोर्स केलेल्यांना या कामाचा मार्ग खुला आहे. थर्मोकपल बसविणे, ठराविक काळाने तपासून प्रमाणित करणे, जुने बदलणे ही कामे वारंवार निघतात. वर्कशॉप असणाऱ्यांना थर्मोवेल बनविण्याचे काम घेता येईल.

मात्र एक गोष्ट ध्यानात असावी. न तपासता 'ओके'चा शेरा मारणे म्हणजे मापात पाप. तराजूतल्या दांडीने गिऱ्हाईकाचे चार पैसे बुडतात, येथे मात्र रिअ‍ॅक्टरजवळ उभ्या असलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. तो आकडा आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे.