सायकलच्या त्रिकोणात अडकलेलं इंजिन

आम्ही जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळ राहतो. गेल्या उन्हाळ्यात लेकाने जुन्या सायकलला बसवायला ४९ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन मागवलं. न्यू जर्सीत पेडलवाल्या मोपेडला ५० सीसीच्या आतलं इंजिन लागतं, शिवाय नोंदणी आणि विमा, एवढं वाचून ठेवलं होतं. फ्रेमचं माप घ्यायचं मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

बेसमेंटमध्ये इंजिन त्रिकोणात धरलं आणि पंचाईत कळली. सिलिंडरचं डोकं वरच्या दांड्याला टेकतंय, कार्बुरेटर सीटखालच्या नळीवर आपटतोय, पुढची नळी इतकी जाड की क्लॅम्प पुरेना.

"बाबा, भोक पाडून बोल्ट घालू या ना!" ड्रिल त्याच्या हातातच होतं. मी नको म्हटलं. पातळ नळी भोकापाशीच तडकते आणि इंजिनाची थरथर ती चीर वाढवत नेते. केनेडी बुलेव्हार्डवर फ्रेम तुटली तर?

रात्री पुण्याला अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. कायनेटिकने १९७२ मध्ये आणलेली लुना त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. ते हसले, "अरे, लुनाला वरचा दांडा होता का कधी?" खरंच की! तिथे इंजिन खाली, पेडलपाशी. फ्रेमच इंजिन बघून केलेली. आमचं सगळं उलटं.

मग मोठ्या त्रिकोणाची, बारीक नळ्यांची जुनी स्टीलची सायकल शोधली. या वेळी आधी पुठ्ठ्याचं इंजिन कापून लावून पाहिलं. बसलं! कागदपत्रं व्हायचीत, तोवर ती बेसमेंटमध्येच उभी आहे. अण्णा रोज विचारतात, "सुरू झाली का रे?"