स्वस्त विमानप्रवासाचा हिशेब

विमानाचें तिकीट स्वस्त झालें कीं ती कंपनीची कृपा आहे, असें आपणांस वाटतें. वस्तुतः ती कृपा नसून तो एक हिशेब असतो. आणि तो हिशेब चुकला म्हणजे काय होतें, हें एअर डेक्कन या कंपनीच्या चरित्रावरून स्पष्ट दिसतें.

सैन्यांतून निवृत्त होऊन शेतींत रमलेले कर्नाटकांतील कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांनीं २००३ सालीं बंगळुरूहून ही सेवा सुरू केली. आगगाडीच्या प्रवाशास विमानांत आणावयाचें, हा त्यांचा उद्देश होता. म्हणूनच मुंबईच्या वृत्तपत्रांतून घरोघर पोहोंचलेला, आर. के. लक्ष्मण यांचा चौकटीच्या कोटांतील 'सामान्य माणूस' कंपनीनें आपलें बोधचिन्ह म्हणून घेतला.

न विकलेलें कापड दुकानदार उद्यां विकूं शकतो. परंतु विमान उडालें कीं रिकामें आसन कायमचें बुडालें. म्हणून कांहीं तिकिटें बरींच आधीं नाममात्र किंमतीस, प्रसंगीं कर वगळून एका रुपयासही, विकावयाचीं आणि उरलेलीं उड्डाणाचा दिवस जवळ येईल तसतशीं महाग करावयाचीं. जोडीस एकच वर्ग, फुकट भोजन बंद, आणि विमान जमिनीवर कमींत कमी वेळ उभें. प्रारंभीचीं ४८ आसनांचीं एटीआर विमानें लहान धावपट्टीवरही उतरत. चार वर्षांत कंपनी साठांहून अधिक गांवीं पोहोंचली.

परंतु ज्या खर्चास कात्री लावतां येत नाहीं, त्यानेंच घात केला. इंधन, त्यावरील राज्यांचे कर आणि विमानांचें भाडें हीं स्वस्त कंपनीसही स्वस्त मिळत नाहींत. नव्या मार्गावर प्रवासी जमेपर्यंत तोटा सोसावा लागतो. येथें तर अनेक मार्ग एकदमच उघडलेले. त्यांत २००५ सालीं स्पाइसजेट व २००६ सालीं इंडिगो हे प्रतिस्पर्धी उतरले. त्याच २००६ सालीं भागविक्रीनें उभारलेला पैसाही पुरला नाहीं.

२००७ सालीं किंगफिशरच्या मालक उद्योगसमूहानें डेक्कनचे २६ टक्के भाग घेतले. त्या वेळच्या नियमाप्रमाणें परदेशीं उड्डाण करण्यास वीस विमानें व पांच वर्षांची देशांतर्गत सेवा लागे. २००५ सालीं जन्मलेल्या किंगफिशरला डेक्कनच्या ज्येष्ठतेमुळें २००८ सालींच लंडनला जातां आलें. तिला हवें होतें तें डेक्कनचें वय, काटकसर नव्हे. त्याच सालीं डेक्कनचें नांव पुसून 'किंगफिशर रेड' झालें, २०११ सालीं ही स्वस्त सेवा बंद करण्याचें जाहीर झालें, आणि २०१२ सालीं किंगफिशरही थांबली.

पुढें डिसेंबर २०१७ मध्यें एअर डेक्कन हें नांव महाराष्ट्रांत पुन्हां दिसलें. सरकारच्या 'उडान' योजनेखालीं तिचीं छोटीं विमानें मुंबई, पुणें, नाशिक व जळगांव यांना जोडूं लागलीं. तूट भरून काढण्यास सरकारी साहाय्य होतें. तरी सेवा अनियमितच राहिली, आणि एप्रिल २०२० मध्यें कोरोनाच्या साथींत तीही बंद पडली.

मोठ्या शहरांत एक कंपनी गेली तरी दुसरी मिळते, आणि स्वस्त प्रवासाची जी संवय डेक्कननें लावली तिचा लाभ मागून आलेल्यांनीं घेतला. लहान गांवास मात्र पुष्कळदां एकच विमान असतें; तें थांबलें कीं धावपट्टी ओस पडते. म्हणून अशा गांवीं नवी सेवा येते तेव्हां भाडें किती, एवढेंच न विचारतां, तें भाडें कंपनीस किती दिवस परवडेल, हेंही विचारावें.